सहा चौकोनांची फेरिस्त

जुलैमधली गोष्ट. उंब्रजला आमच्या घरी भाचा आला होता. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि कृष्णेच्या पुराचं संगणकीय प्रतिरूप हा त्याचा प्रकल्प. बाहेर तारळी गढूळ होऊन कृष्णेला मिळत होती आणि हा पोरगा लॅपटॉपच्या काळ्या पडद्याकडे बघत बसला होता. मी डोकावलो तर नदी नाही, नकाशा नाही, रंग नाहीत. एकाखाली एक सहा नावं फक्त. एन१६ई०७३, एन१६ई०७४, एन१६ई०७५, मग एन१७ई०७३, ०७४, ०७५. प्रत्येक नावाच्या डावीकडे एक लांबलचक आकडा.

"हे काय रे?"

"यादी आहे मामू. ही नीट झाली की निम्मं काम झालं."

मी इतिहासाचा माणूस. यादी म्हटलं की कान टवकारतात. आपल्या दख्खनचा निम्मा इतिहास यादींतच सापडतो. मोडी दफ्तरात यादीला आणखी एक शब्द भेटतो, 'फेरिस्त'. हा मूळ फारसी शब्द अरबीत 'फिहरिस्त' झाला आणि दहाव्या शतकात बगदादच्या इब्न अल-नदीमने त्याला अमर केलं. हा माणूस पुस्तकं नकलून विकणाऱ्याचा मुलगा. अरबीत लिहिलेल्या सगळ्या पुस्तकांची नोंद करावी असं त्याने मनावर घेतलं आणि हिजरी ३७७, म्हणजे इसवी सन ९८७-८८ च्या सुमारास 'किताब अल-फिहरिस्त' लिहून काढली. त्यातली कितीतरी पुस्तकं आज उरलेली नाहीत, त्यांची नावं तेवढी त्या यादीत शिल्लक आहेत.

भाच्याला हे सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "माझ्या यादीत उलटं आहे. पुस्तकं आहेत, पण ती बरोबर आहेत का हे यादीवरून कळतं." ते कसं, ते समजायला मला दोन दिवस लागले. वाचकांना एवढा वेळ लागू नये म्हणून हा खटाटोप.

पूर कुठवर येईल हे गणिताने काढायचं तर आधी जमीन किती उंच आहे ते माहीत हवं. पाणी उंचीचं ऐकतं, दुसऱ्या कुणाचं नाही. आपल्याकडे जमिनीची मोजणी शतकानुशतकं झाली, पण ती उंचीची नव्हे. मलिक अंबर १६२६ मध्ये वारला. निजामशाहीत त्याने जमिनीची पाहणी करून प्रतवारीवर सारा ठरवला आणि त्या पद्धतीचं नाव पुढे कित्येक पिढ्या घेतलं गेलं. आपला कऱ्हाड प्रांत आदिलशाहीत. कऱ्हाडच्या जुन्या मशिदीचे दोन उंच मनोरे त्या काळाची साक्ष देत आजही उभे आहेत. पुढे शिवाजी महाराजांच्या काळात अण्णाजी दत्तोंनी काठीने मोजणी केली. पाच हात पाच मुठी म्हणजे एक काठी, वीस काठ्यांचा चौरस म्हणजे एक बिघा, आणि १२० बिघ्यांचा चावर. १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूरपासून नवी मोजणी सुरू केली तेव्हा हातात साखळी आली, ३३ फुटांची. ३३ गुणिले ३३ फूट म्हणजे आपला गुंठा, आजही चालतो तोच.

या सगळ्या मोजण्यांत एक गोष्ट समान आहे. शेत किती लांब, किती रुंद, माती काळी की मुरमाड, विहिरीचं पाणी आहे की नाही, हे सगळं कागदावर आलं. शेत शेजारच्या शेतापेक्षा किती फूट खाली आहे, हे कुणीच विचारलं नाही. सरकारला सारा हवा होता. साऱ्याला लांबी-रुंदी आणि मातीचा पोत पुरतो. सातबाऱ्यावर आजही सगळं असतं, उंची नसते. माझ्या मते आपल्या पूरव्यवस्थापनाच्या अडचणींचं एक मूळ इथे आहे, पण त्यावर पुन्हा कधीतरी.

उंची मोजली ती दुसऱ्याच लोकांनी, दुसऱ्याच कारणासाठी. १८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्बटनने त्रिकोणमितीने हिंदुस्थान मोजायला सुरुवात केली. वीस वर्षं तो उत्तरेकडे सरकत राहिला आणि १८२३ च्या जानेवारीत आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याच्यानंतर एव्हरेस्ट आला, त्याचं नाव शिखराला लागलं आणि ते शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. सय्यद मीर मोहसीन हुसेन हे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल. हा अर्काटचा कारागीर, मद्रासेत घड्याळं आणि दागिन्यांचं काम करणारा. एव्हरेस्टने त्याचा हात ओळखला आणि सर्वेक्षणाची नाजूक यंत्रं दुरुस्त करायला त्याला नेमलं. विलायतेहून आणलेला बॅरो नावाचा यंत्रकार गेल्यावर त्याची जागा मीर मोहसीनला मिळाली. पगार मात्र त्या गोऱ्या यंत्रकाराएवढा मिळाला नाही. ज्या थिओडोलाइटमधून साहेबांनी डोंगर पाहिले त्यांच्या वर्तुळावरच्या बारीक रेघा या माणसाच्या देखरेखीखाली नीट राहिल्या. आणि ती अवजड यंत्रं डोंगरावर चढवणारे, झेंडे धरणारे, साखळ्या ओढणारे ते खलाशी. समुद्र न पाहिलेल्या माणसांनाही सर्व्हेच्या खात्यात खलाशीच म्हणत. मूळ शब्द अरबी आहे.

त्यानंतर आला समुद्रसपाटीचा प्रश्न. डोंगराची उंची सांगायची ती कुठून? मुंबईचं अपोलो बंदर, कारवार, मद्रास अशा नऊ बंदरांवरच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून सरासरी समुद्रपातळी धरली आणि तिथून लेव्हलिंग करत देशभर खुणा रोवल्या. १९०९ मध्ये हे सगळं एका हिशेबात बसवलं गेलं. जुन्या पुलांच्या कठड्यावर किंवा सरकारी इमारतींच्या पायऱ्यांवर कोरलेली आडवी रेघ आणि बाणासारखी खूण कधी दिसली तर थांबून पाहा, ती अपोलो बंदरची नातेवाईक असू शकते.

नकाशांना क्रमांकही त्याच सुमारास मिळाले. देशाचे चार-चार अंशांचे मोठे चौकोन, त्यात एकेका अंशाचे सोळा छोटे चौकोन, इंग्रजी अक्षरांचे. उंब्रज आणि कऱ्हाड '४७ के' मध्ये येतात, कोयना धरण '४७ जी' मध्ये, सांगली आणि कोल्हापूर '४७ एल' मध्ये. के म्हणजे १७ ते १८ अंश उत्तर आणि ७४ ते ७५ अंश पूर्व.

आता भाच्याच्या यादीकडे या. ११ फेब्रुवारी २००० रोजी एन्डेव्हर हे अमेरिकी अवकाशयान उडालं. त्यातून साठ मीटर लांबीचा एक दांडा बाहेर काढला होता, त्याच्या टोकाला एक रडार अँटेना आणि दुसरी यानातच. दोन डोळ्यांनी आपल्याला खोली कळते, तोच हिशेब. अकरा दिवसांच्या मोहिमेत पृथ्वीच्या जवळपास ८० टक्के जमिनीची उंची मोजून झाली. लॅम्बटनला वीस वर्षांत मद्रासहून हिंगणघाट गाठता आलं होतं. मिळालेली माहिती एकेका अंशाच्या चौकोनात कापून ठेवली आणि प्रत्येक चौकोनाला त्याच्या नैऋत्य कोपऱ्याचं नाव दिलं. एन१७ई०७४ म्हणजे १७ उत्तर, ७४ पूर्व. हा चौकोन म्हणजेच '४७ के'! शंभर वर्षांपूर्वी सर्व्हे ऑफ इंडियाच्या बाबूने आखलेली चौकट आणि अवकाशातून आलेली फाइल, दोन्हींच्या कडा एकमेकींवर बसतात. हे मी भाच्याला दाखवलं तेव्हा पहिल्यांदा त्याने मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं.

महाबळेश्वर ते अलमट्टी असा कृष्णेचा काठ हवा तर असे सहा चौकोन लागतात. नदीचा उगम १८ अंशांच्या थोडा खाली आहे, म्हणून वरची रांग वाचते. ही सहा पानं एकत्र शिवायची, आणि शिवणाऱ्या प्रोग्रामला कोणती पानं ते सांगायचं, म्हणून यादी.

ही यादी करणारी आज्ञा दोन अक्षरांची, 'एलएस'. लिस्ट या शब्दाचं आखडलेलं रूप. १९६० च्या दशकात एमआयटीच्या सामाईक संगणकावर 'लिस्टएफ' अशी आज्ञा होती. बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स रचलं तेव्हा त्यांनी नावं जितकी छाटता येतील तितकी छाटली, आणि १९७१ च्या पहिल्या आवृत्तीपासून 'एलएस' आहे. पुढे 'उणे एल' जोडलं की नावाबरोबर आकार आणि तारीखही येते. आणि उत्तर पडद्यावर न दाखवता एका बाणाने दुसऱ्या फाइलीत ओतता येतं. ती फाइल मग जीडीएएल नावाच्या साधनाला द्यायची. फ्रँक वॉर्मरडॅमने १९९८ मध्ये सुरू केलेलं हे मोफत साधन जगभरचे नकाशेवाले वापरतात. ते यादी वाचून सहा पानांचं एकच पान असल्यासारखं दाखवतं. पुढचं गणित एचईसी-रास सारख्या पूरप्रोग्रामचं.

एवढं ऐकल्यावर मला वाटलं, यात विशेष ते काय? कारकुनी काम. भाच्याने बोट ठेवलं आकड्यांच्या रकान्यावर. पाच नावांपुढे २,५९,३४,४०२ होतं. एन१६ई०७४ पुढे होतं २८,८४,८०२.

या आकड्यांचा अर्थ साधा आहे. नव्या फाइलीत ३६०१ ओळी आणि ३६०१ रकाने, प्रत्येक घरात एक उंची, प्रत्येक उंचीला दोन बाइट. गुणाकार करा, पहिला आकडा येतो. ही साधारण तीस मीटरची जाळी. अमेरिकेने ती आधी स्वतःच्या देशापुरती खुली ठेवली होती, बाकी जगाला नव्वद मीटरची दिली, म्हणजे १२०१ गुणिले १२०१. बारीक जाळी २०१४ नंतर टप्प्याटप्प्याने सगळ्यांना मिळाली. भाच्याने एक फाइल कुणा सीनियरच्या पेन ड्राइव्हवरून घेतली होती, ती जुनी निघाली. आणि नेमकी सांगलीची. त्याचं स्वतःचं घर ज्या चौकोनात येतं, तोच.

सगळ्यात वाईट भाग असा की प्रोग्रामने कुठेही तक्रार केली नव्हती. त्याने दोन्ही जाळ्या मुकाट्याने एकत्र केल्या होत्या, नकाशा सुंदर रंगात उमटला होता, पाणीही पसरलं होतं. महिनाभर तो त्याच्यावर काम करत होता. चूक दिसली ती रंगीत नकाशावर नाही, काळ्या पडद्यावरच्या यादीत.

दुसरी चूक यादीतल्या क्रमाची. त्याने कॉलेजचं लेव्हलिंगचं यंत्र नेऊन नदीघाटाच्या आसपासची जमीन स्वतः मोजली होती, चार मित्रांबरोबर, उन्हात, आणि ती मोजणी घरी चौकोनांच्या मापात बसवून 'जी' अक्षराने सुरू होणारी एक फाइल केली होती. घाटाचा जी. 'एलएस' नावं वर्णानुक्रमे मांडतं, त्यामुळे जी आधी आलं आणि एन नंतर. आणि शिवणाऱ्या प्रोग्रामचा नियम असा की दोन पानं एकमेकांवर आली तर यादीत शेवटी असलेलं पान वर राहतं. म्हणजे पोरांनी पायी मोजलेली जमीन अवकाशयानाच्या पानाखाली गाडली गेली होती. पुन्हा तेच, तक्रार नाही.

तलाठ्याच्या फेरफारासारखंच हे. शेवटची मंजूर नोंद खरी. कोणती नोंद शेवटी जाईल हे ठरवणारा माणूस मोठा. इथे तो निर्णय वर्णमालेवर सोडला होता.

दोन्ही चुका सुधारल्यावरही प्रश्न संपत नाहीत, हे वाचकांपासून लपवायला नको. या फाइलींत उंची पूर्ण मीटरमध्ये असते, अपूर्णांक नाही. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ चा, त्याच्याजवळची पाणीपातळी आजही फुटांत सांगतात. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २००५ च्या पुरात ती ५३ फुटांच्या वर गेली आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ फुटांच्या वर. दोन महापुरांतला फरक चारेक फूट, म्हणजे जेमतेम सव्वा मीटर. सांगलीकरांसाठी तो दोन वेगळ्या आयुष्यांचा फरक होता. फाइलीसाठी तो एका पायरीचा आकडा आहे, आणि मोहिमेने स्वतःसाठी ठरवलेली चुकीची मर्यादा १६ मीटरची होती. प्रत्यक्षात सपाट भागात चूक बरीच कमी येते, तरी काही मीटरची असतेच.

आणि यानाने मोजली ती फेब्रुवारी २००० ची कृष्णाकाठची जमीन. काही शेतांत ऊस उभा होता, रडारच्या लहरी शेंड्यापानांवरूनही परततात. म्हणजे कुणाच्या शेताची उंची थोडी उसासकट नोंदली गेली आहे. घाटमाथ्यावरच्या उभ्या कड्यांमागे लहरी पोचल्याच नाहीत, तिथे मूळ फाइलीत उणे ३२७६८ असा आकडा, म्हणजे 'माहीत नाही'. तो भरून घेतला नाही तर प्रोग्राम सह्याद्रीत पाताळाएवढा खड्डा मानायला मोकळा. इथलंच आणखी एक. पुणे-बंगळूर महामार्गाचं चौपदरीकरण झालं ते त्यानंतर. उंब्रजमधून जाणाऱ्या महामार्गाचा भराव काढून तिथे खांबांवरचा पूल करा, अशी गावाची मागणी आहे. तो भराव त्या फाइलीत नाही. यानाच्या लेखी इथे पाण्याला वाट मोकळी आहे.

खाली अलमट्टीचा वाद आहे. धरणात सध्या ५१९.६० मीटरपर्यंत पाणी साठवलं जातं, कृष्णा लवादाने २०१० मध्ये ५२४.२५६ पर्यंत मुभा दिली. फरक पाच मीटरहून कमी. सांगली बुडते ती अलमट्टीमुळे की कोयना-वारणेच्या पाण्यामुळे की नदीत झालेल्या अतिक्रमणांमुळे, यावर आपल्याकडे सभा गाजतात. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने अलमट्टीला दोष दिला नाही, तरीही वाद थांबलेला नाही. मला त्यात निवाडा द्यायचा नाही. एवढंच म्हणतो, की कुठल्याही बाजूचा माणूस रंगीत नकाशा दाखवू लागला तर त्याला आधी यादी मागा. कोणत्या फाइली, कोणत्या तारखेच्या, कोणत्या क्रमाने.

कारण शेवटी त्या नकाशावरून रेषा आखल्या जातात. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळीच्या आत बांधकामाला मनाई, दोहोंच्या मध्ये नियंत्रण. नदीकाठच्या खोलगट जागी कोण राहतं हे मी सांगायला नको. तिथे कोळी आहेत, मातंग आहेत, बौद्ध आहेत, आमचे बागवान-मुजावर-पिंजारीही आहेत. रेषा दोन मीटर इकडे झाली तर घर बेकायदा, तिकडे झाली तर घर पाण्यात.

भाच्याचं घर भिलवडीच्या बाजूला, कृष्णाकाठी. २०१९ ला ते लोक आठवडाभर बाहेर होते. जवळच्याच ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला बोट उलटली त्या वेळी हा शाळेत होता. चार दिवसांनी, १२ तारखेला बकरी ईद आली. सांगली-कोल्हापुरात अनेकांनी ईद साधेपणाने केली आणि कुर्बानीचे पैसे पूरग्रस्तांना दिले. आमच्या बहिणीच्या घरी त्या ईदला चूल दुसऱ्याच्या अंगणात पेटली होती.

त्या घराच्या स्वयंपाकघरात भिंतीवर खिळ्याने ओढलेली एक रेघ आहे. त्याच्या दादीने ती दाखवली की पाहुणे चुकचुकतात. १७ अंशाची रेषाही त्याच भागातून जाते, म्हणजे दोन चौकोनांची शिवण तिथेच. भाच्याने ठरवलं की प्रतिरूप खरं की खोटं हे त्या रेघेवरून तपासायचं. मीही गेलो. पोरांनी यंत्र लावलं, पट्टी धरली, दुरून उंची आणत आणत स्वयंपाकघरापर्यंत पोचले आणि रेघेचा आकडा वहीत उतरवला. प्रतिरूपातलं पाणी त्याच्यापेक्षा दोन फूट वर येत होतं. पोरगं हिरमुसलं.

दादी पाटावर बसून हे सगळं बघत होती. म्हणाली, "अरे, ही रेघ आम्ही परत आलो त्या दिवशीची आहे. तेव्हा पाणी उतरायला लागलं होतं."

"मग सगळ्यात वर कुठवर आलं होतं दादी?"

"ते बघायला घरात होतं कोण?"

सगळे गप्प झाले. मग तिने माळ्याकडे हात केला. मुलांनी शिडी लावून माळ्यावरची लोखंडी पेटी खाली काढली. पेटीच्या मागच्या अंगाला, जिथे कधी कुणी पुसलं नव्हतं, गाळाची एक पिवळट आडवी कड होती. पेटी होती तशी परत वर ठेवायला सांगून भाच्याने पट्टी पुन्हा उभी केली.